निळं होण्याआधी

मला लॅटिन येत नाही. मी दारवान.
एर्फुर्टच्या मठात, गेरा नदीच्या अंगाला,
किल्ल्या, सरपण, कोण आलं, कोण गेलं,
एवढंच माझं शास्त्र.
पण वादशाळेची भिंत माझ्या खोलीला लागून
आणि तिथल्या शेगडीत निखारे घालणारा बंधू लुडेगर
रात्री सगळं मला आपल्या बोलीत सांगे,
अर्धं चुकीचं, पण कळेलसं.

त्या हिवाळ्यात वाद पेटला होता इच्छेवरून.
बुद्धीनं समोर निखळ भलं मांडलं,
कुठे डाग नाही, कुठे वास नाही,
तर इच्छेला तोंड फिरवता येतं का?

काळा झगा घालून आलेले पाहुणे म्हणाले, नाही.
पारडं जड बाजूला झुकतं,
ते विचारत बसत नाही.
आमचे गुरू विगांड खोकले. बराच वेळ खोकले.
मग म्हणाले, पारड्याला पाप लागत नाही, भाऊ.

वाटणं आपल्याकडे चालत येतं, ते म्हणाले,
भूक येते तसं, झोप येते तसं.
ठरवणं मात्र कुठूनच येत नाही.
आणि होकार देताना, त्याच घटकेला,
आधी नव्हे, नंतर नव्हे,
नकार जिवंत असतो.

म्हणजे दार एकाच वेळी उघडं नि बंद? मी विचारलं.
लुडेगरनं चिमट्यानं डोकं खाजवलं.
दार नव्हे रे, म्हणाला. किल्ली.

टिलो तेव्हा शिकाऊ होता. रंगाऱ्याचा पोर,
नखं मुळापर्यंत निळी.
न विचारता उभा राहिला भर वादात:
आमच्या पिंपातून कापड पिवळं निघतं,
वारा लागला की निळं होतं.
लहानपणी मी एका पट्टीला सांगितलं होतं,
तू नको होऊस.
झालीच ती.
शाळा हसली. विगांड हसले नाहीत.

त्याचं वर्ष संपायला एक रात्र उरली.
उद्या व्रत, कमरेच्या दोरीला तीन गाठी.
बर्फ पडत होता. तो अनवाणी आला, म्हणाला, उघड.
मी उघडलं. व्रताआधी कुणाला अडवत नाहीत.
पलीकडे रंगाऱ्यांच्या गल्लीत एक दिवा,
आणि थंडीतही मरत नाही तो पिंपांचा आंबूस वास.
तो उंबऱ्यावर उभा, पायाची बोटं बाहेर.
आधी लाल झाली, मग पांढरी.
मी ओढलं नाही, ढकललं नाही.
किल्ली तेवढी मुठीत तापली.

मग तो आत आला.
कशानं? मी विचारलं. देव? भीती? गारठा?
कशानं नाही, म्हणाला. आलो.

याला एकतीस वर्षं झाली.
विगांड गेले, खोकला गेला. लुडेगरही गेला,
आता भिंतीपलीकडचं मला कुणी सांगत नाही.
टिलो तिथे शिकवतो. नखं कधीच स्वच्छ झाली.
पण दर हिवाळ्यात, पहिल्या बर्फाच्या रात्री,
तो दाराशी येतो. उघड, म्हणतो.
उभा राहतो. आत जातो.
आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

यंदा मी त्याच्या आधीच दार उघडलं
आणि बाहेरच्या पडवीत सरपण आणायला गेलो.
गुडघे धरलेत, वेळ लागला.
परतलो तर उंबऱ्याबाहेर बर्फात
दहा बोटांचे ठसे,
आणि दार आतून लावलेलं.

माझं दार. किल्ली आत खुंटीला.
मी मोळी खाली ठेवली, हात वर केला,
आणि ठोठवायच्या आधी
जरा उभा राहिलो.